योगिताला नेऊ नकोस

५ सप्टेंबर २०२४

मंगलअक्का,

नमस्कार लिहीत नाही, खुशालीही विचारत नाही. तू माझा नंबर मोबाईलमध्ये बंद करून ठेवलास, म्हणून वहीची पानं फाडून लिहितेय. पोस्टमन तेलगावला तुझ्या दारात हे पाकीट टाकेल, ते आधी वाच. फाडायचं असलं तर मग फाड.

पोळ्याच्या दिवशी योगिताचा फोन आला. शेजारणीच्या मोबाईलवरून केला होता. तुझी लेक, तेवीस वर्षांची, आणि स्वतःच्या आईची गोष्ट मावशीला सांगायला तिला शेजारणीचा मोबाईल मागावा लागतो. ती म्हणाली, "मावशी, आई मला दवाखान्यात नेणार हाय. घट बसायच्या आदी पिशवी काढून टाकू म्हणती. टोळी निगायच्या आत टाके सुकले पायजेत म्हणती."

मी विचारलं, तुला होतंय काय? तर अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, पाळीत कळा येतात. बस. एवढ्यासाठी तू पोटच्या पोरीचं गर्भाशय कापून टाकायला निघालीस. आणि आपल्या जिल्ह्यात आता सरकारी डॉक्टरच्या परवानगीची कटकट असते, म्हणून बंकटदाजींनी शेजारच्या जिल्ह्यातला दवाखाना बघून ठेवलाय. दाजी ऊसतोडीचे मुकादम आहेत, दोनशे माणसं दर साली साखर कारखान्याला घालतात, तेव्हा दवाखाना शोधणं त्यांना काय जड.

अक्का, तूच मला नेलं होतंस. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. मलाही पांढरंच जात होतं आणि कंबरच दुखत होती. त्या डॉक्टरनं सोनोग्राफीचा कागद उजेडात धरला आणि म्हणाला, सूज आहे, उद्या कॅन्सर झाला तर पोरगं उघड्यावर पडेल. तू माझ्याकडं बघून म्हणालीस, "मी काढली, मला काय झालं? पाळीची कटकट गेली, कामाचा खाडा गेला." मी दहावी पास, तू चौथी. तरी मी तुझं ऐकलं, कारण आई गेल्यावर माझी वेणी तू घालत होतीस.

तुला कपिलधार आठवतं का? दोन वर्षांपूर्वी श्रावणात आपण सगळे गेलतो. मी साडीसकट धबधब्याखाली उभी राहिले आणि निघेना. तू ओरडलीस, हात धरून ओढलंस, आणि देवळाच्या पायऱ्यांवर सगळ्या बायांसमोर माझ्या थोबाडीत मारलीस. "नाटकं करती," म्हणालीस. तेव्हापासून आपलं बोलणं बंद आहे. तू का मारलंस ते मी विचारलं नाही, आणि मी का निघत नव्हते ते तू विचारलं नाहीस.

आता सांगते. माझ्या अंगात आग लागली होती. छातीतून वाफ उठते, मानेवरून टाळूपर्यंत जाते, तोंड लाल होतं, पाठीवरून घामाची धार लागते, आणि पाच मिनिटांनी थंडी वाजते. दिवसातून दहा-बारा वेळा. भाकरी थापताना, कापूस वेचताना, कुणाच्या लग्नाच्या सुपारीला बसलेली असताना. आठ वर्षं असंच चाललं होतं आणि त्या दिवशी पहिल्यांदा पाण्याखाली ते थांबलं होतं. म्हणून मी निघत नव्हते. तुला नाटक वाटलं. ह्यांना बाहेरचं वाटलं. सासूनं लिंबू उतरवलं, एका देवरुश्यानं तर मिरच्यांची धुरी दिली. आधीच भाजणाऱ्या बाईला धुरी.

आता कौशल्याचं ऐक. माझी धाकटी जाऊ. जूनमध्ये डोक्यावरचा हंडा उतरवताना तिचा पाय घसरला, हात जमिनीला टेकला आणि मनगट काडीसारखं मोडलं. मी तिला गेवराईला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. हाडाच्या डॉक्टरनं फोटो बघितला आणि तिला बायांच्या डॉक्टरकडं पाठवलं. तिथं एक मॅडम होत्या.

"वय?"

"एकतीस."

"पाळी?"

"न्हाई येत. पिशवी काढलीय."

"कधी?"

"सा वर्सं झाली."

तू मला नेलं होतंस, कौशल्यालाही त्याच दवाखान्यात नेलं होतं. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. मी केसपेपरनं वारा घेत होते, मान घामानं भिजली होती. "आणि तुमचं?" त्यांनी विचारलं.

पुढच्या बुधवारी मी ट्रंकेतले जुने कागद घेऊन गेले. मॅडमनी इंग्रजी वाचलं आणि म्हणाल्या, "तुमची नुसती पिशवी नाही काढलेली. दोन्ही बाजूचे बीजकोशसुद्धा काढलेत. तुम्हाला सांगितलं होतं का?"

अक्का, मला तो शब्दच माहीत नव्हता. पिशवीच्या दोन बाजूंना बदामाएवढे दोन असतात. बाईच्या शरीराला लागणारा रस तेच करतात. त्यानं हाडं टणक राहतात, झोप लागते, कातडी ओली राहते, काळीज नीट चालतं. पन्नाशीच्या आसपास ते आपलं काम हळूहळू बंद करतात, तेव्हा पाळी जाते, थोडी आग होते, शरीर सवय करून घेतं. मॅडम म्हणाल्या, "बाकीच्या बायकांना यायला चार-पाच वर्षं लागतात, ते तुम्हाला एका दुपारी आलं." कागदावर त्यांनी शब्द लिहून दिला, रजोनिवृत्ती. मी म्हटलं, एवढा सोवळा शब्द, आणि आम्ही दहा वर्षं वेड्यात निघतोय.

मला रोज एक गोळी दिलीय. रक्तदाब बघून, छाती तपासून, मगच दिली. जो रस काढून नेला त्याच्या बदल्यात ती आहे, आणि माझ्या वयाला ती बरीच वर्षं घ्यावी लागेल. सोबत कॅल्शियम, सकाळचं ऊन, शेळ्यांमागं भरभर चालणं, चहा कमी. आणि खाली जे कोरडं पडतं, नवऱ्याजवळ जायला भीती वाटते, लघवीला जळजळ होते, त्याला वेगळं मलम. हे लिहायला लाज वाटते, पण लाजेनंच आपली वाट लावली. अडीच महिने झालेत. वाफा आता दिवसातून दोन-तीन येतात. मी माणसात आलेय आणि माणसात आल्यावर पहिल्यांदा मला खरा राग आलाय. आधीचा राग आजाराचा होता. हा माझा आहे.

योगिताला नेऊ नकोस. बुधवारी मॅडम असतात. तिला इकडं पाठव.

उज्ज्वला


१४ सप्टेंबर

अक्का,

पत्राचं उत्तर पत्रानं देतात. तू नवऱ्याकरवी दिलंस.

बंकटदाजींचा फोन ह्यांना आला. ह्यांनी तो मुद्दाम मोठ्या आवाजावर ठेवला, मी चुलीपुढं होते. दाजी म्हणाले, "अंगद, बायकोला आवर. दुसऱ्याच्या घरात काड्या करती. आवरायचं जमत नसंल तर यंदा टोळीत तुला जागा न्हाई." आणि वर म्हणाले, "आरं, मुकादमाच्याच पोरीनं पाळीचे खाडे केले तर बाकीच्या बायांना मी कोन्या तोंडानं बोलू?"

दाजींच्या तोंडून खरं निघालं. ना सूज, ना कॅन्सर. खाडा. उसाच्या फडात एका दिवसाला बाई आली नाही तर ट्रक उभा राहतो, म्हणून बाईच्या आतलं तेवढं काढून टाकायचं. कोयत्याला धार लावतात तसं बाईला तासून घ्यायचं.

मागून तुझाही आवाज आला. "आईला काय झालं ते इसरली का, इचार तिला."

विसरले नाही. मी चौदा वर्षांची होते, तू वीस. कारखान्यावर पाचटाच्या कोपीत आई चार महिने अंगावरून रक्त जात असताना कुणाला बोलली नाही. पाचटाच्या राखेत फडकी पुरत होती. पाणी भरायला गेली आणि पडली, आणि तू तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मांडीवर घेऊन गेलीस. दवाखाना यायच्या आधी ती गेली. तुझं लुगडं मी धुतलं होतं अक्का, मला माहीत आहे. योगिता तेव्हा तुझ्या अंगावर पीत होती. तेव्हापासून पोटातली पिशवी तुला सापासारखी वाटते. माझी काढायला लावलीस तेव्हाही तुझ्या डोळ्यांपुढं ती ट्रॉली असणार.

पण आईला कुणी तपासलंच नव्हतं. चार महिन्यांत एकदाही नाही. तपासणं वेगळं आणि कापणं वेगळं. तू घाबरून तपासणं सोडून दिलंस आणि कापणं धरलंस.

फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "तू कावून असल्या फंदात पडली?" मी तव्यावरची भाकरी काढून परातीत आपटली आणि सगळं सांगितलं. बीजकोश, वाफा, हाडं, कोरडं पडणं, सगळं. चार वर्षांपूर्वी ह्यांनी अंथरूण ओसरीवर नेलं होतं. मला वाटत होतं, ह्यांना माझी किळस येते. ह्यांना वाटत होतं, मला हे नकोसे झालेत. दोघं एकाच घरात खुळ्यासारखे जगत होतो.

हे म्हणाले, "मला कुणी सांगितलं न्हाई."

"मला तरी कुणी सांगितलं?"

हे सकाळी उठून गेवराईला गेले आणि कापसाच्या जिनिंगवर काम विचारून आले. दाजींना सांग, यंदा अंगदचा कोयता टोळीत धरू नका.

आता तुझी पाळी. लेक पाठवतेस की मी तिथं येऊ?

उज्ज्वला


२७ सप्टेंबर

अक्का,

काल तू माझ्या अंगणात उभी होतीस आणि मला जे बोलायचं होतं त्यातलं काहीच बोलता आलं नाही. म्हणून लिहितेय.

योगिताला मी पळवून आणलं, असं दाजी गावभर सांगत सुटलेत. ती स्वतः आली. रविवारी दुपारी एसटीतून उतरली, कडेवर पोरगी आणि हातात बॅग. मी पाणी दिलं तर प्यायच्या आधी म्हणाली, "मावशी, मला भ्या वाटतंय. कापायचंबी आन न कापायचंबी."

बुधवारी मॅडमनी तिला तपासलं. तू तिथं नव्हतीस म्हणून एक-एक सांगते. आतून बघितलं, पिशवीच्या तोंडाला औषध लावून कॅन्सरची खूण आहे का बघितलं. दोन मिनिटांचं काम, पैसे काही नाहीत. खूण नाही. सोनोग्राफी केली. पिशवी चांगली, बीजकोश चांगले. झालंय काय, तर जंतूंची लागण. फडात चार-चार दिवस अंघोळीला आडोसा नसतो, एकच फडकं ओलं-सुकं वापरायचं, त्यानं. गोळ्यांचा कोर्स लिहून दिला आणि रक्त कमी आहे म्हणून लाल गोळ्या. कंबर का दुखते विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, "चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, मग दुसरं काय दुखणार?"

म्हणजे गोळ्यांनी जाणारं दुखणं तुम्ही सुरीनं काढायला निघाला होता.

गोळ्या तिच्या नवऱ्याला, सुरजलाही घ्यायच्या होत्या, नाहीतर लागण फिरून येते. जावई फोनवर म्हणाले, "मला काय झालंय? मी कावून गोळ्या खाऊ?" मी फोन घेतला आणि म्हटलं, "तुमाला गोळी कडू लागती म्हणून तिचं पोट फाडायचं का?" काल संध्याकाळी तो स्वतः मोटारसायकलवर आला आणि त्याच्या वाटणीची पाकिटं घेऊन गेला. त्याला चांगला म्हणावं इतकं काही त्यानं केलं नाही, पण गोळी खाल्ली.

त्याच्या आधी दुपारी तू आलीस. दाजी जीपमध्येच बसले, तू उतरलीस आणि माझ्याकडं न बघता म्हणालीस, "योगे, बॅग घे."

"आई, मला काय झालं न्हाई. डॉक्टरनं सांगितलं."

"सरकारी डॉक्टरला काय कळतंय? चल."

मी मध्ये आले तर तू हात उगारलास. अक्का, मी तो हात धरणार होते. ह्या खेपेला मी मार खाणार नव्हते, परत देणार होते, ठरवलं होतं मी. पण तुझा हात वरच राहिला. तुझं तोंड लाल झालं, मानेवर घाम फुटला, आणि तू पदरानं वारा घेत ओसरीचा खांब धरलास. मला ते बघून एक क्षण बरं वाटलं, खोटं का लिहू. वाटलं, घे, तूही भाज.

मग योगितानं तुला तांब्या दिला आणि म्हणाली, "आई, हे तुलाबी व्हतं. मी ल्हान असल्यापून बगती. तू भांडी आपटायची, आमाला मारायची, आन मग मोरीत जाऊन डोक्यावर पानी वतून घ्यायची. आमाला वाटायचं आमचंच काय तरी चुकतंय."

"उष्णता हाय मला," तू म्हणालीस.

पिशवी काढल्यापासून तेरा वर्षं उष्णता असते का अक्का?

दाजींनी जीपचा हॉर्न वाजवला. एकदा, दोनदा. तू तांब्या खाली ठेवलास आणि एकटीच जाऊन बसलीस. योगिताची बॅग दारातच राहिली. तू तिला का नेलं नाहीस ते मला कळलं नाही, आणि मी विचारणारही नाही.

उज्ज्वला


४ ऑक्टोबर

अक्का,

काल घट बसले. योगिता माझ्याकडंच आहे, पांढरं जाणं जवळजवळ थांबलंय.

आज तुझ्यावर ओरडायला बसले नाही. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, कौशल्यालाही त्याच दवाखान्यात नेलं होतं. कुणी नेलं ते लिहिलं नव्हतं.

मी नेलं.

ती पंचवीस वर्षांची होती. तिची पाळी जास्त जायची, चक्कर यायची. सासूला मीच सांगितलं, काढून टाकू, मी काढली मला काय झालं. तुझंच वाक्य, अक्षरसुद्धा बदललं नाही. दवाखान्याबाहेर बाकड्यावर तिची साडी मांडीवर घेऊन मीच बसले होते. तोवर माझ्या वाफा सुरू होऊन चार वर्षं झाली होती. माझी झोप गेली होती, सांधे धरले होते, नवऱ्याला मी जवळ येऊ देत नव्हते. मला माहीत नव्हतं कशानं, पण त्या ऑपरेशनपासून मी अशी झाले हे मला माहीत होतं. तेवढं तर माहीत होतंच. तरी मी तिला नेलं.

का, ते दहा दिवस मी स्वतःला विचारतेय. तिचं भलं व्हावं असंही वाटत होतं. पण त्याच्या खाली दुसरं होतं. घरात सगळे मला चक्रम म्हणत होते आणि कौशल्या हसतखेळत होती. तिला स्ट्रेचरवरून आत नेलं तेव्हा मला मनातून वाटलं, आता मी एकटी राहणार नाही.

हे मी ह्यांना सांगितलेलं नाही. कौशल्याला सांगितलं, परवा, कापसाच्या ओळीत दोघी बसलो होतो तेव्हा. तिचा हात बरा झालाय पण बोटं अजून पुरी मिटत नाहीत. ती वेचत राहिली. शेवटी म्हणाली, "जाऊबाई, डॉक्टरचं तोंडबी मला आटवत न्हाई. मी तुमच्याकडं बगून आत गेले." तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. भाकरी वाढते, पण बोलत नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

तेव्हा तू कुठल्या तोंडानं मला बोलतेस, असं विचारशील तर विचार. तुझा हक्क आहे. पण माझा राग त्यानं कमी होत नाही. उलट तो आता दोन बाजूंनी जळतोय.

मॅडम बुधवारी असतात. तुझेही जुने कागद शोध. बीजकोश ठेवलेत की काढलेत ते कळेल. ठेवले असले तरी पिशवी काढलेल्या बाईचे ते लवकर थकतात, असं त्या म्हणाल्या. तुझं वय बेचाळीस आहे अक्का, सत्तर नाही. गुडघे धरून जीपमध्ये चढलीस ते मी त्या दिवशी बघितलं.

ये म्हणत नाही. बुधवारी असतात, एवढंच लिहिते.

उज्ज्वला


१७ ऑक्टोबर

अक्का,

काल तू आलीस. दाजींना न सांगता, एसटीनं. केसपेपरच्या रांगेत माझ्या पुढं चार बाया सोडून तू उभी होतीस आणि आपण दोन तास एकमेकींशी बोललो नाही. नंतर बाकड्यावर कौशल्या आपल्या दोघींच्या मध्ये बसली होती, ती कुणाशीच बोलत नव्हती. बघणाऱ्याला वाटलं असेल, तीन परक्या बाया आहेत.

मॅडमनी तुझे कागद वाचले. तुझेही दोन्ही काढलेले. तू नुसती मान हलवलीस, जसं काही बाजारात भाव ऐकावा. रक्तदाब लई वाढलेला निघाला, म्हणून त्या म्हणाल्या, तुम्हाला ती गोळी लगेच सुरू करता येणार नाही, आधी दाब खाली आणू, हाडांची तपासणी करू, मग बघू. वाफांना दुसरंही औषध असतं. तंबाखूची मिश्री लावता का विचारलं. तू नाही म्हणालीस. मी म्हटलं, लावती, दिवसातून चारदा. तेव्हा तू माझ्याकडं बघितलंस, दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ.

मग मॅडमनी विचारलं, "तुम्ही दोघी बहिणी, ही जाऊ, तिघींचं एकाच दवाखान्यात कसं झालं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. मी तुला वाचवणार होते की बुडवणार होते, मला खरंच माहीत नाही. पण तूच बोललीस. "हिला मीच आनलं व्हतं. आन हिच्याआदी लई जनींना. टोळीतल्या बाया मीच घेऊन जायाची. डॉक्टर मला चहा पाजायचा." मग थोडं थांबून म्हणालीस, "मला वाटायचं मी त्यांना वाचिवती."

कौशल्या बाकड्यावरून उठली आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. तू रडली नाहीस. मीही नाही.

स्टँडवर तेलगावकडची गाडी लागली आणि तू चढून खिडकीत बसलीस. गाडी निघेपर्यंत मी खाली उभी होते. माफ केलं असं तुला वाटलं असेल तर तसं नाही. मी तुला माफ केलेलं नाही, आणि कौशल्यानं मला केलेलं नाही. ते बहुतेक होणारही नाही. त्याच्यासाठी मी थांबून राहणार नाही.

योगिता यंदा फडावर जाणार नाही. सुरज भावाबरोबर जाईल. दाजींनी तिला घरात घेणार नाही म्हणून सांगितलंय, तर माझ्या घरात जागा आहे. हे तिला दिवाळीला नवी साडी घ्यायची म्हणत होते, कौशल्यानं रंग सांगितला. ती पंधरा दिवसांत तेवढंच बोलली.

तुझ्याकडून मला एक गोष्ट पाहिजे. लई जणींना नेलं म्हणालीस. त्यांची नावं लिहून पाठव, गावासकट. त्यांना कुणी सांगितलेलं नाही की त्या वेड्या नाहीत. कुणी देवरुश्याकडं बसली असेल, कुणाला नवऱ्यानं टाकलं असेल, कुणाचं मनगट मोडलं असेल. मी आणि योगिता एकेकीकडं जाऊ. माझ्या बाजूचं एक नाव मी लिहिलंच आहे, कौशल्या.

नावं पाठवली नाहीस तर मी तेलगावला येऊन तुझ्या दारात बसेन. दाजी घरी असतील तेव्हाच येईन.

उज्ज्वला


२४ आक्टोबर

उज्वला,

तुज्यावानी मला लिव्हता येत न्हाई. चौथीतलं हाय, समजून घे. हे घरात नसताना लिव्हते.

मिश्री सोडली. सोडली म्हंजी दोनदा लावली, मंग डबी उकिरड्यात टाकली. दाबाची गोळी रोज घेते. वाफ येती तवा आता मला कळतं का कशानं येती. कळल्यानं कमी व्हत न्हाई पर भ्या वाटत न्हाई.

कपिलधारला मी तुला मारलं तवा माजंबी अंग पेटलं व्हतं. तुज्याशेजारी पान्यात हुबं ऱ्हावं वाटलं व्हतं. मानसं बगत व्हती म्हणून न्हाई राह्यले.

नावं लिव्हते. पयली मी. दुसरी तू. मंग तेलगावची सावित्रीबाई, तिची सून, भिवराबाई, भिवराबाईची धाकली बहीन, साखराबाई, आन टायरगाडीवाल्या म्हाळूची बायको, तिला आमी सारे ताई म्हनायचो, नाव आटवत न्हाई. पानाच्या मागं अजून हायेत. आजून आटवतील तशी लिव्हीन. एकवीस झाल्यात.

त्यातल्या दोगी आता न्हाईत. त्यांचीबी नावं लिव्हू का?

मंगल